टेक-हाउसचा ठेका

‘डीजे’ हा शब्द कानी पडताच आपल्याकडील सुजाण माणसाच्या कपाळावर आठी उमटते. कारण मिरवणुकीतील कर्ण्यांच्या भिंतीशी तो शब्द आपण कायमचा जखडून टाकिला आहे. परंतु बाजू ऐकल्यावाचून कोणासही दोषी ठरवू नये, हा न्यायाचा नियम कलेच्या दरबारातही पाळणे प्राप्त आहे. याच भावनेने आम्ही ऑस्ट्रेलियाचे डीजे फिशर यांची नृत्यसंगीत-महोत्सवांतील वादने ध्वनिचित्रफितींवरून ऐकली.

या संगीताचे कूळ पाहू. ‘हाउस’ हे शिकागोचे. तेथील ‘वेअरहाउस’ या नृत्यगृहात १९७७ पासून फ्रँकी नकल्स रात्ररात्र तबकड्या वाजवीत. त्या स्थळावरूनच हे नाव पडले, असे मानतात. ‘टेक्नो’ डेट्रॉइटचे. दोहोंच्या मिश्रणातून १९९० नंतरच्या दशकात इंग्लंडात टेक-हाउस आकारास आले. मिनिटास सुमारे १२५ ते १३० मात्रा, प्रत्येक मात्रेवर सारखा ठोका आणि त्याखाली खर्जाची लवचिक चाल, एवढाच याचा संसार.

पहिला आक्षेप एकसुरीपणाचा. तो आम्हांस मान्य नाही. भजनी सप्ताहात ज्याने पहारा केला आहे, त्यास पुनरावृत्ती म्हणजे दारिद्र्य नव्हे, हे सांगावयास नको. भेद आहे तो निराळाच. भजनात लय विलंबितातून द्रुतात चढत जाते. येथे लय अढळ राहते, बदलते ती नादाची दाटी. डीजे खुंटी फिरवून खर्ज काढून घेतो, सोळा आवर्तने, म्हणजे चौसष्ट मात्रा किंवा सुमारे अर्धे मिनिट, समुदायास ताटकळत ठेवितो आणि नेमक्या समेवर तो परत देतो. फिशर यांच्या ‘लूझिंग इट’ (२०१८) या रचनेचे बळ या हिरावण्यात आणि परत देण्यातच आहे; शब्द म्हणावे तर एक आखूड वाक्य. २०१९ च्या ग्रॅमी पुरस्कारांत तिला नृत्य-ध्वनिमुद्रणाच्या विभागात नामांकन मिळाले, ते आम्हांस अकारण वाटत नाही.

आमची खरी तक्रार घाईविषयी आहे. श्रोत्याची अपेक्षा हे एक प्रकारचे ऋण होय. ते मुरू दिले तरच फेडीचा आनंद. नकल्स यांना सबंध रात्र होती. महोत्सवात मात्र एका वादकाच्या वाट्यास पुष्कळदा तास-दीड तासच येतो, आणि त्यात उत्साह क्षणभरही ओसरू न देण्याचा अट्टाहास. मग दर दोन-तीन मिनिटांस तेच ताटकळणे, तीच फेड, वर ध्वनिक्षेपकावरून आरोळी! पहिल्या खेपेस अंगावर रोमांच येतो. दहाव्या खेपेस तो केवळ हिशेब उरतो.

२००७ साली कांदोळीच्या किनाऱ्यावर ‘सनबर्न’ महोत्सव सुरू झाला, तेव्हापासून तर असे नाद आपल्या उंबरठ्यापर्यंत आले आहेत. आवाजाच्या मर्यादेसाठी कायदा आहे. त्याचा अंमल जरूर मागावा. परंतु रसिकाचा निवाडा कायद्याच्या निवाड्याहून वेगळा असतो. आमच्या मते या कलेचा ठेका निर्दोष आहे. ज्या विसाव्यावाचून कोणताही ठेका अर्थपूर्ण होत नाही, तो विसावा तिला महोत्सवाने नाकारला आहे.