क्रेयच्या नौकेची प्रार्थना

‘ट्रेझर आयलंड’चा कर्ता म्हणून रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आपल्या परिचयाचा आहे. त्याचे पहिले पुस्तक मात्र साहसकथा नसून प्रवासवर्णन आहे. ‘अ‍ॅन इनलँड व्हॉयेज’ हे ते १८७८ साली प्रसिद्ध झालेले छोटेखानी पुस्तक. १८७६ साली स्टीव्हन्सन आणि त्याचा मित्र सर वॉल्टर सिम्प्सन यांनी बेल्जियममधील अँटवर्पच्या गोदीतून ‘अ‍ॅरेथ्यूझा’ आणि ‘सिगारेट’ या आपल्या दोन चिंचोळ्या होड्या पाण्यात सोडल्या आणि बराचसा प्रवास नद्या-कालव्यांतून करीत ते फ्रान्समधील पाँत्वाझ गावी पोचले. कॅथलिक वाचकाने हे पुस्तक दोन कारणांसाठी वाचावे: त्यातील प्रसन्न गद्यासाठी आणि त्यात आपल्या श्रद्धेला विचारलेल्या एका प्रश्नासाठी.

प्रस्थानाचे प्रकरण विशेष वाचनीय आहे. शिडाच्या अशा होडीत स्टीव्हन्सन त्यापूर्वी कधी बसलेलाही नव्हता. शेल्ट नदीच्या रुंद पात्रात शीड उभारताना त्याची छाती धडधडते. परंतु थोड्याच वेळात तो शिडाची दोरी बांधून निर्धास्त होतो. प्रसंग आल्यावाचून माणसाला स्वतःच्या धैर्याची ओळख पटत नाही, हा विचार तो उपदेशाचा सूर न लावता मांडतो. पुढे कालव्यातून घोड्यांच्या संथ चालीने ओढले जाणारे मालवाहू पडाव भेटतात. चुलीचा धूर, रांधणारी गृहिणी, खेळणारी मुले असे ते तरंगते संसार पाहून त्याला पडाववाल्यांच्या जीवनाचा हेवा वाटतो.

प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यात क्रेय या गावच्या चर्चमध्ये त्याला छताला टांगलेली एका कालव्यातील नौकेची प्रतिकृती दिसते. ‘क्रेयच्या संत निकोलस’ नावाच्या या नौकेला देवाने सुखरूप बंदराला न्यावे, अशी प्रार्थना सोबत लिहिलेली असते. स्टीव्हन्सनला हसू आवरत नाही. सागरावर जाणाऱ्या जहाजासाठी नवस समजू शकतो. पण गावच्या घंटाघराच्या नजरेआड कधी न जाणाऱ्या पडावाला कसले आले संकट? परमेश्वराच्या साहाय्यावाचून होण्यासारखे एखादे काम असेलच, तर ते हेच! तो नावाडी विनोदी असावा किंवा द्रष्टा, असे जाता जाता म्हणून तो पुढे सरकतो.

त्या दुसऱ्या शक्यतेपाशी तो थांबला असता तर बरे झाले असते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण त्याचे स्वतःचे पुस्तकच या नावाड्याच्या बाजूने साक्ष देते. पावसाने फुगलेल्या वाझ नदीत आडव्या पडलेल्या एका झाडाने त्याला होडीतून खेचले. होडी वाहून गेली आणि हा एका हाती वल्हे धरून खोडाला लोंबकळत राहिला. ती नदीही सागर नव्हती, आणि तिच्याही तीरावर गावे होती. अर्पणपत्रिकेतील हकिकत तर अधिकच बोलकी आहे. पुढे या मित्रांनी आयुष्यभर कालव्यांतून हिंडण्यासाठी एक पडाव घेतला आणि त्याला संत उर्सुलाच्या सोबतिणींवरून ‘कोलोनच्या अकरा हजार कुमारिका’ असे नाव दिले. तो पडाव कधी निघालाच नाही. जागच्या जागी कुजला आणि अखेर विकला गेला.

गालील सरोवराची लांबी जेमतेम २१ किलोमीटर. त्याचे दोन्ही किनारे नजरेच्या टप्प्यात असतात, आणि शिष्य तर त्याच पाण्यावर वाढलेले कोळी होते. तरी वादळात त्यांनी नावेत निजलेल्या प्रभूला हाक मारली. प्रभूने त्यांच्या भित्रेपणाला दोष दिला, परंतु सरोवर लहान आहे म्हणून त्यांची हाक अव्हेरली नाही. हौशी प्रवाशाला कंटाळा आला की आगगाडी असते. पडाववाल्याचे घर, पोटापाण्याचे साधन आणि लेकरेबाळे त्याच फळ्यांवर असतात. रोजच्या प्रवासासाठी मागितलेली कृपा हास्यास्पद ठरविली, तर प्रार्थना केवळ वादळापुरती उरेल. आपल्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती कोळी होडीसाठी आशीर्वाद मागतो, तेव्हा तो क्रेयच्या त्या नावाड्याचाच सोबती असतो.

तरीही स्टीव्हन्सनला श्रद्धाहीन टवाळ म्हणणे अन्यायाचे होईल. नुआयाँचे कॅथेड्रल पाहताना त्याच्या पाठीमागच्या बाजूत त्याला जुन्या जहाजाचा आकार दिसला. ख्रिस्तसभेला नौका मानणाऱ्या आपल्या परंपरेच्या तो किती जवळ आला होता! क्रेय येथेच जपमाळेच्या एका मंडळाची पत्रिका वाचून तो नाराज होतो. परंतु प्रॉटेस्टंट संस्कारांत वाढलेल्या आपल्याला या गोष्टींचे मर्म कळत नसेल आणि त्यांमागे आपल्या कल्पनेपेक्षा उच्च भाव असेल, हेही तो मोकळेपणाने मान्य करतो.

हा मोकळेपणा पुढे फळाला आला. १८८९ साली, फादर डेमियन यांच्या निधनानंतर थोड्याच आठवड्यांनी, त्याने मोलोकाई येथील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत काही दिवस काढले. पुढे एका प्रॉटेस्टंट पाळकाने डेमियन यांची केलेली निंदा प्रसिद्ध झाली, तेव्हा १८९० साली त्यांच्या बाजूने जळजळीत अनावृत पत्र लिहिणारा हाच स्टीव्हन्सन होता. डेमियन यांना २००९ साली संतपद मिळाले. वाचकांनी हे पुस्तक आणि ते पत्र लागोपाठ वाचावे. एका धर्मगुरूची निष्ठा ओळखणाऱ्या या लेखकाला एका नावाड्याची निष्ठा का दिसली नाही, याचा विचार करताना आपणही साध्या माणसांच्या भक्तीकडे कसे पाहतो, हे तपासून घेता येईल.