लाल अक्षरांशी ओळख : जावाच्या पहिल्या पाठांची एक तपासणी

संगणकाची भाषा शिकवणाऱ्या पुस्तकांत आणि पाठांत एक साम्य आढळते. त्यांतील प्रत्येक आज्ञावली बरोबर असते. विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेली पहिली आज्ञावली मात्र बहुधा चुकते. पडद्यावर लाल अक्षरांत काही इंग्रजी ओळी उमटतात आणि पुस्तक तिथे गप्प बसते. नवशिक्याला खरी मदत हवी असते ती नेमकी या क्षणी. जावा ही भाषा आज पदविका व पदवीच्या अभ्यासक्रमांत सर्वत्र शिकवली जात असल्याने, तिच्या प्राथमिक पाठांची या एका कसोटीवर तपासणी करावी असे आम्हांला वाटले.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न नुसता तांत्रिक राहत नाही. झरी-जामणी किंवा घाटंजीकडच्या एखाद्या मुलीच्या घरात कोलामी, गोंडी किंवा बंजारा बोली असते. शाळेत ती मराठीतून शिकते. तंत्रनिकेतनात पुस्तके इंग्रजीत येतात आणि त्यावर जावा ही चौथी भाषा चढते. अशा वेळी लाल अक्षरांचा अर्थ लागला नाही, तर 'आपल्याला संगणक जमत नाही' असा निष्कर्ष ती काढते. वास्तविक तिला अडलेले असते ते एक इंग्रजी वाक्य. हा गैरसमज पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पक्का होतो आणि पुढे तो काढणे फार अवघड जाते.

जावा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉसलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. १९९५ मध्ये ती जाहीर झाली व जानेवारी १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती निघाली. त्याच १९९६ साली यवतमाळात जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय तर १९८३ पासूनचे आहे. म्हणजे अभियांत्रिकीचे शिक्षण जिल्ह्यात जावाच्या आधीपासून आहे. मदतीची साधने मात्र अजूनही मुख्यतः बाहेरची आणि इंग्रजीतील आहेत.

मराठी आवाजातील जावा

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात जावाची दृक्-श्राव्य मालिका आहे आणि ती मराठीतही ऐकता येते. प्रत्येक पाठ साधारण दहा मिनिटांचा असतो. पडद्याच्या एका बाजूला पाठ व दुसऱ्या बाजूला स्वतःचे काम ठेवून, पाठ थांबवत थांबवत आपणही तेच करून पाहायचे, अशी ही पद्धत आहे. साधने विनामूल्य आहेत. शिक्षक नसतानाही शिकता यावे हा हेतू त्यात उघड दिसतो. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला या मालिकेचा मोठा आधार आहे, हे आम्ही प्रथम नोंदवतो.

आणखी एक गोष्ट कौतुकाची. मालिकेच्या सुरुवातीलाच 'एरर्स अँड डीबगिंग इन एक्लिप्स' हा पाठ येतो. चूक हा शिकवण्याचा विषय आहे, हे इथे मान्य केलेले आहे. पुष्कळ छापील पुस्तके एवढेही करत नाहीत.

आमचे आक्षेप दोन आहेत. पहिला असा, की या पाठातील चुका मुख्यतः लेखनाच्या आहेत : अर्धविराम राहणे, अवतरणचिन्ह सुटणे, नाव चुकीचे टंकित होणे. अशा चुका एक्लिप्स स्वतःच लाल रेघेने दाखवते आणि दुरुस्तीही सुचवते. ज्या प्रयोगशाळेत साध्या मजकूर-संपादकात आज्ञावली लिहून काळ्या खिडकीत कंपायलर चालवावा लागतो, तिथल्या विद्यार्थ्याला ही लाल रेघ मिळत नाही. त्याला मूळ संदेशच वाचावा लागतो. दुसरा आक्षेप असा, की आवाज मराठी झाला तरी पडदा इंग्रजीच राहतो. त्याला इलाज नाही, कारण जावाचे शब्द इंग्रजी आहेत. परंतु म्हणूनच संदेशाचा अर्थ मराठीत सावकाश उलगडून सांगण्याची गरज अधिक होती. दहा मिनिटांत ते काम उरकत नाही. शिवाय मालिकेत दिसणारे एक्लिप्स व उबुंटू आता बरेच जुने झाले आहेत, हेही शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

पहिल्या ओळीचे ओझे

दोष सगळा पाठांचा नाही, जावाचाही आहे. 'नमस्कार' एवढा एक शब्द छापण्यासाठी नवशिक्याला क्लास, पब्लिक, स्टॅटिक, व्हॉइड, मेन, स्ट्रिंग अशी शब्दांची रांग लिहावी लागे. यांपैकी प्रत्येक शब्दाचे स्पष्टीकरण अभ्यासक्रमात काही आठवड्यांनी येते. तोवर 'हे असेच लिहायचे' एवढेच शिक्षक सांगू शकतो. परिणामी विद्यार्थी पहिल्याच दिवशी विचारणे सोडून पाठ करायला शिकतो.

ही अडचण जावाच्या निर्मात्यांनाही उमगली. ११ व्या आवृत्तीपासून (२०१८) एका फाइलमधील आज्ञावली वेगळे कंपाइल न करता थेट चालवता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या २५ व्या आवृत्तीत तर क्लास, पब्लिक व स्टॅटिक न लिहिता, 'व्हॉइड मेन'पासून सुरुवात करून छोटी आज्ञावली लिहिण्याची मुभा मिळाली. अभ्यासक्रम व परीक्षा जुन्या पद्धतीच्या असल्या, तरी पहिले दोन तास या मोकळ्या पद्धतीने घ्यायला कोणाची हरकत असू नये.

संदेश वाचायचा कसा?

कंपायलरचा संदेश वाचताना एक तत्त्व मुलांना सुरुवातीलाच सांगावे. संदेशातील ओळ-क्रमांक म्हणजे कंपायलरला गोंधळ जाणवला ती जागा. चूक त्याच ओळीत असेल किंवा तिच्या बऱ्याच वरही असेल. सहाव्या ओळीतील महिरपी कंस मिटवायचा राहिला, तर 'रीच्ड एंड ऑफ फाइल व्हाइल पार्सिंग' ही तक्रार येते शेवटच्या ओळीवर. विद्यार्थी शेवटची ओळ पुन्हा पुन्हा तपासतो. तिथे काहीच चुकलेले नसते. या संदेशाचा मराठी अर्थ साधा आहे : 'कंस मिटण्याची वाट पाहता पाहता फाइल संपली.' एवढे कळले की शोध वरच्या दिशेने सुरू होतो.

'कॅनॉट फाइंड सिम्बॉल' हा दुसरा नेहमीचा संदेश. म्हणजे 'हे नाव माझ्या ओळखीचे नाही.' त्याखाली आणखी दोन ओळी असतात : कोणते नाव आणि कोणत्या ठिकाणी. मुले पहिली ओळ पाहून थबकतात आणि उत्तर असते दुसऱ्या ओळीत. 'स्ट्रिंग'चे पहिले अक्षर लहान लिपीत लिहिले तरी हाच संदेश येतो, कारण जावा मोठी व लहान इंग्रजी अक्षरे वेगळी मानते.

तिसरी गोष्ट : एका चुकीतून वीस तक्रारी निघू शकतात. तेव्हा पहिली तक्रार दूर करावी, पुन्हा कंपाइल करावे आणि मगच पुढच्या तक्रारीकडे वळावे.

न बोलणाऱ्या चुका

कंपायलर तक्रार करतो त्या चुका एका अर्थी सोप्या. ज्यांत तो काहीच बोलत नाही, त्या खऱ्या शिकवण्याजोग्या.

समजा, एका शेतकऱ्याच्या कापसाच्या तीन वेचण्या झाल्या : ३, ४ व ४ क्विंटल. एकूण ११. सरासरी काढायला विद्यार्थी ११ ला ३ ने भागतो. जावा उत्तर देते ३. हीच सरासरी पुन्हा ३ ने गुणली तर ९ येतात. मग २ क्विंटल कापूस गेला कुठे? पूर्णांकाला पूर्णांकाने भागल्यास जावा अपूर्णांक टाकून देते. उत्तर ठेवायची जागा 'डबल' प्रकारची केली तरी ३.० च मिळते, कारण भागाकार आधी होतो आणि साठवण नंतर. ११ ऐवजी ११.० लिहिले की सुमारे ३.६७ हे उत्तर येते. यवतमाळच्या मुलांना दोन क्विंटल कापसाची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

दुसरे उदाहरण शब्दांच्या तुलनेचे. वापरणाऱ्याने 'वणी' असे टंकित केले आणि आज्ञावलीत लिहिलेल्या 'वणी'शी त्याची == या चिन्हाने तुलना केली, तर उत्तर 'असत्य' येते. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती समोर ठेवून 'ही तीच प्रत आहे का?' असे विचारण्यासारखे हे आहे. 'दोन्हींत मजकूर तोच आहे का?' हे विचारण्यासाठी 'इक्वल्स' वापरावे लागते.

तिसरे, मोजणी शून्यापासून होण्याचे. जिल्ह्यातील १६ तालुक्यांची नावे यादीत ठेवली तर त्यांचे क्रमांक ० ते १५ असतात. १६ व्या क्रमांकाचे नाव मागितले की आज्ञावली मध्येच थांबते. लांबी १६ असताना क्रमांक १६ मागितला गेला, एवढी स्पष्ट माहिती नव्या आवृत्त्यांतील संदेशात असते.

चौथे, आधी वय आणि मग नाव विचारणारी आज्ञावली. ती नावासाठी थांबतच नाही. 'नेक्स्टइंट' आकडा उचलते पण त्यामागची एंटर कळ तशीच ठेवते, आणि पुढची 'नेक्स्टलाइन' ती रिकामी ओळ नाव म्हणून घेते. मध्ये एक जादा 'नेक्स्टलाइन' लिहिली की काम भागते.

आपली लिपी

जावाला देवनागरी चालते, हे पाठांत क्वचितच सांगितले जाते. चलाचे नाव 'कापूस' ठेवता येते. १८ व्या आवृत्तीपासून (२०२२) यूटीएफ-८ हे संकेतन गृहीत धरले जात असल्याने ही वाट अधिक सोपी झाली. आज्ञावलीत संख्या इंग्रजी अंकांतच लिहाव्या लागतात, पण मजकूर म्हणून आलेल्या '२५'चे 'पार्सइंट' बिनतक्रार पंचवीस करते. 'यवतमाळ' या शब्दाची लांबी विचारली तर जावा ६ सांगते. मुले ५ म्हणतील, कारण काना वेगळा मोजला जातो हे त्यांना ठाऊक नसते. या एका प्रश्नावर अर्धा तास उत्तम चर्चा होऊ शकते. काळ्या खिडकीत देवनागरी नीट उमटेलच असे नाही, एवढी खबरदारी घ्यावी.

शिक्षकाचा अंदाज

ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात 'ब्लूजे' हे नवशिक्यांसाठीचे जावा-साधन घडले. ते वापरणाऱ्या जगभरच्या विद्यार्थ्यांच्या चुकांची नोंद पुढे २०१३ पासून, त्यांच्या संमतीने, होऊ लागली. त्या नोंदींवरून नील ब्राउन व अमजद अल्ताद्मरी यांनी २०१४ मध्ये एक तुलना मांडली : मुले कोणत्या चुका सर्वाधिक करतात असे शिक्षकांना वाटते, आणि प्रत्यक्षात कोणत्या करतात? शिक्षकांचे आपसांतच फारसे एकमत नव्हते, प्रत्यक्ष नोंदींशी त्यांचा मेळ बेताचाच होता, आणि शिकवण्याच्या अनुभवाने अंदाज सुधारल्याचे दिसले नाही. नोंदींत सर्वाधिक आढळली ती कंसांची जुळणी चुकण्याची चूक.

यातून घेण्याजोगा धडा एकच. आपला अंदाज बाजूला ठेवून वर्गातील चुकांची वही ठेवावी. कोणता संदेश आला, मुलाने त्याचा काय अर्थ लावला आणि चूक शेवटी कुठे सापडली, असे तीन रकाने पुरेत. महिनाभरात त्या वर्गाचा स्वतःचा कोश तयार होतो, तोही मराठीत. मूल अडले की कळफलक आपल्याकडे ओढून चूक दुरुस्त करून देणे, ही शिक्षकाची सर्वांत स्वाभाविक आणि सर्वांत महाग पडणारी मदत आहे. त्याऐवजी 'संदेश मोठ्याने वाच, आणि त्यात काय म्हटले आहे ते मराठीत सांग' एवढेच म्हणावे. प्रात्यक्षिकाच्या वहीत तयार आज्ञावली उतरवून घेण्यापेक्षा, मुद्दाम मोडलेली एक आज्ञावली दुरुस्त करायला देणे अधिक उपयोगाचे. चांगल्या मालिका आणि चांगली पुस्तके विद्यार्थ्याला बरोबर आज्ञावली दाखवतील. चुकलेल्या आज्ञावलीपाशी त्याच्या शेजारी बसणे, हे काम अजून तरी वर्गातल्या शिक्षकाचेच आहे.