शिफारस आणि समीक्षा

“काय वाचावे?”, “काय ऐकावे?” हे प्रश्न शिक्षकाला नवे नाहीत. परंतु बडोदे, इंदूर, हैदराबाद यांसारख्या ठिकाणी, जेथे मराठी ही बाजाराची भाषा नसून घराची भाषा आहे, तेथे या प्रश्नांना उत्तर देणारा मनुष्य पुष्कळदा एकच असतो. पुण्याच्या विद्यार्थ्याला एखादे पुस्तक नीरस वाटले, तर दुसरे त्याच्या हाती आपोआप येण्याचा संभव असतो. आपल्या विद्यार्थ्याला सुचवलेले पहिलेच मराठी पुस्तक केवळ कर्तव्यबुद्धीने सुचवलेले असेल, तर दुसरे सुचवण्याची वेळ बहुधा येत नाही. शिफारस ही गोष्ट आपण समजतो तितकी किरकोळ नाही, ती यासाठी.

तरीही समीक्षेच्या प्रांतात शिफारशीला प्रतिष्ठा नाही. ‘मला हे आवडले, तुम्हीही पाहा’ असे म्हणणे रसिकाला शोभते, समीक्षकाला नव्हे, अशी आपली एक समजूत आहे. समीक्षकाने कलाकृतीचे घटक पाहावेत, परंपरा सांगावी आणि स्वतःची आवड पडद्याआड ठेवावी, असे आपण मानतो. व्यवहारात मात्र विद्यार्थ्याने विचारले की आपण एक यादी त्याच्या हाती देतो आणि त्या यादीला आधार असतो तो पारितोषिकांचा, आवृत्त्यांचा किंवा लेखकाच्या नावाचा. म्हणजे समीक्षेत आवड नाही आणि शिफारशीत कारण नाही! माझ्या मते हे दोन दोष परस्परांचेच अपत्य आहेत. खरी शिफारस म्हणजे समीक्षेची कसोटीच होय. ती करणाऱ्याने तीन गोष्टी दिल्या पाहिजेत : स्वतःच्या अनुभवाची साक्ष, त्या अनुभवाचे कारण आणि त्या कारणाची मर्यादा.

या म्हणण्याला पहिले उदाहरण संगीतातले घेतो. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन अंतराळयाने सोडली. त्यांवर पृथ्वीची ओळख म्हणून एकेक सोनेरी तबकडी ठेवली आहे. तीत पंचावन्न भाषांतील अभिवादने आहेत आणि त्यांत मराठीही आहे. संगीताचे सत्तावीस नमुने आहेत. त्यांत हिंदुस्थानातील एकच, तो म्हणजे केसरबाई केरकरांनी गायिलेली ‘जात कहाँ हो’ ही भैरवी. फोंड्याजवळच्या केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या या गायिकेचा स्वर सूर्यमालेच्या पलीकडे गेला, ही गोष्ट गोव्यात व महाराष्ट्रात अभिमानाने सांगितली जाते. १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई निवर्तल्या, तेव्हा दुसऱ्या यानाला सुटून दोन आठवडेही झाले नव्हते.

परंतु ही निवड झाली कशी, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ती कोणत्याही सरकारी शिष्टमंडळाने केली नाही. कार्ल सेगन यांच्या समितीला रॉबर्ट ब्राऊन या संगीतशास्त्रज्ञाने ही मुद्रिका सुचवली होती. भारतीय संगीताच्या मुद्रणांत हिच्या तोडीचे दुसरे नाही, असे त्यांचे मत होते. ब्राऊन यांचा स्वतःचा व्यासंग दक्षिणेकडचा. मृदंगवादन हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. आपल्या अभ्यासाच्या प्रांतातील एखादा कलावंत पुढे करणे त्यांना सहज शक्य होते. तसे न करता त्यांनी उत्तरेच्या पद्धतीची एक गायिका निवडली. पुढे असे आढळले की ती मुद्रिका बाजारातून नाहीशी झाली आहे. शोध घेता घेता न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात तिच्या प्रती सापडल्या. जी वस्तू तिच्या प्रकाशकांनी विकणे सोडून दिले होते, ती एका माणसाच्या कानावरील भरवशामुळे टिकली. शिफारशीचे सामर्थ्य याहून अधिक ते काय असावे?

आता कारणाचा प्रश्न. ‘जात कहाँ हो’ हे शब्द दूर निघालेल्या यानाला किती चपखल बसतात, असे कौतुक मी अनेकदा ऐकले आहे. योगायोग गोड आहे, पण तो संगीताचा गुण नव्हे. शब्द न कळणाऱ्या श्रोत्याला ही मुद्रिका ऐकवावी आणि मग काय उरते ते पाहावे. उरतो तो मोकळा, भरदार आकार. न तुटणारा श्वास. आणि खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत सारख्याच वजनाने फिरणारी तान. भैरवी ही मैफलीच्या निरोपाची रागिणी. तिच्यात हळवेपणाला पुष्कळ वाव असतो. केसरबाई तो वाव घेत नाहीत. ख्यालगायकीचा सारा भारदस्तपणा त्या साडेतीन मिनिटांच्या अवकाशात आणतात आणि तरीही कोठे दाटी वाटत नाही. माझ्या पसंतीचे कारण हे आहे. ते कोणालाही ऐकून तपासता येईल, खोडूनही काढता येईल.

आणि मर्यादा? हीच मुद्रिका म्हणजे केसरबाई, असे समजणाऱ्याची फसगत होईल. १९२१ पासून अल्लादियाखाँसाहेबांकडे त्यांनी घेतलेली तालीम विलंबित त्रितालात, अनवट व जोड रागांत, हळूहळू उलगडणारी होती. ते गाणे तीन-साडेतीन मिनिटांत मावणारे नव्हे. म्हणून मी ही मुद्रिका दाराशी नेऊन पोचवणारी म्हणून सुचवीन, घर म्हणून नव्हे. जो शिफारस करताना एवढे सांगत नाही, तो ऐकणाऱ्याचा मार्ग दाखवीत नाही, अडवतो.

दुसरे उदाहरण बोलपटाचे. प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६) आपण विद्यार्थ्यांना नेहमी सुचवतो आणि सोबत सांगतो की १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. ही माहिती खरी आहे, परंतु ते बोलपट पाहण्याचे कारण नव्हे. व्हेनिसच्या परीक्षकांना जे आवडले, ते आपल्याला का आवडावे? माझे कारण विचाराल तर ते जिजाई आहे. दामले-फत्तेलाल यांनी विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम जितक्या भक्तीने रंगवला आहे, तितक्याच आस्थेने गौरीबाईंची जिजाईही रंगवली आहे. भक्ताच्या घरात धान्य नसते, मूल आजारी पडते आणि बायको पायातली वहाण हाती घेऊन देवाला जाब विचारायला देवळात शिरते. हा प्रसंग देवाची विटंबना वाटत नाही, कारण तिच्या रागाचे मूळ प्रत्येक आईला ठाऊक असते. शेवटी तुकाराम वैकुंठाला जातो आणि जिजाई मागे संसारात राहते. भक्ती आणि भूक या दोघींनाही न्याय देणारा संतपट मला दुसरा आढळला नाही. यातील चमत्कारांची दृश्ये आजच्या विद्यार्थ्याला भोळी वाटतील, हे त्याला आधीच सांगावे. ती मर्यादा लपवली, तर पहिल्या चमत्कारालाच तो हसेल आणि जिजाईपर्यंत पोचणार नाही.

तिसरे उदाहरण पुस्तक व दूरदर्शन या दोहोंचे आहे आणि ते आपल्याला अधिक जवळचे आहे. चिं. वि. जोशी (१८९२-१९६३) हे बडोद्यात पाली भाषेचे अध्यापन करीत. त्यांचा चिमणराव मात्र पुण्याचा, मध्यमवर्गातला, सतत फजीत पावणारा. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्या दशकाच्या अखेरीस तेथून आलेल्या मालिकेत दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. त्या दोघांच्या कामाविषयी मला आदर आहे. तथापि एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर मी सांगेन : आधी वाच, मग पाहा.

याचे कारण पुस्तकाचा अभिमान हे नव्हे. पुस्तकात चिमणराव स्वतःची हकीकत स्वतः सांगतो, तीही गंभीरपणे. आपण काय करीत आहोत हे त्याला पुरते कळत नाही आणि ते आपल्याला कळते, यातच सारे हसू आहे. वाचक चिमणरावाच्या डोक्यात बसलेला असतो. कॅमेरा त्याला बाहेरून दाखवतो. तेथे निवेदकाचा भाबडेपणा जातो आणि पात्राचा विसराळूपणा उरतो. प्रभावळकरांनी ही तूट मुद्रेने व आवाजाने बरीच भरून काढली. पण एकदा तो चेहरा पाहिला की वाचताना दुसरा सुचत नाही. शिवाय घरातील बोलण्याच्या मराठीत किती बारीक विनोद साधता येतो, हे आपल्या विद्यार्थ्याला या पुस्तकातून कळते. ज्या भाषेत त्याची आजी त्याच्यावर रागावते, तीच भाषा वाङ्मयाची होऊ शकते, आणि ती तशी करणारा लेखक मराठी मुलखाबाहेर राहत होता, एवढे त्याला उमगले तरी शिफारस सार्थकी लागली.

आज शिफारशींचा तोटा नाही. आपण एक गाणे ऐकले की यंत्र त्यासारखी दहा गाणी पुढे करते. ही सोय मी नाकारत नाही. तिच्यामुळे एके काळी दुर्मिळ झालेल्या मुद्रिका आता घरबसल्या ऐकता येतात. परंतु यंत्र सारखेपणावरून सुचवते. मृदंगाच्या अभ्यासकाने केसरबाईंकडे बोट दाखवावे, अशी उडी त्यात सहसा नसते. शिवाय त्याला कारण सांगावे लागत नाही आणि शिफारस फसली तर त्याचे काही जात नाही. शिक्षकाचे जाते. पुढच्या वेळी विद्यार्थी त्याच्याकडे येत नाही.

हे जाणे, ही जोखीमच, शिफारशीला किंमत देते. म्हणून माझी सूचना साधी आहे. विद्यार्थ्याला वीस पुस्तकांची यादी देऊ नये. एक द्यावे, पण ते आपण पुन्हा वाचलेले असावे. का आवडले हे दोन वाक्यांत सांगावे आणि कोठे कंटाळा येईल तेही सांगावे. तो परत येऊन “मला नाही आवडले” म्हणाला, तर त्याला कारण विचारावे आणि ते ऐकून घ्यावे. त्या क्षणी तोही समीक्षक झालेला असतो.