अहवालात नसलेला हिंग

गेल्या वर्षी जानेवारीत मी शंभरावर पौंड भरून ‘फूड इनटॉलरन्स’ची तपासणी मागवली. बोटाला टोचून रक्ताचे चार थेंब नळीत भरायचे, पाकीट पोस्टात टाकायचं आणि आठवडाभरात ईमेलवर अहवाल. माझा अहवाल चांगला अठरा पानी होता. दोनशे पदार्थ, हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत. लाल रंगात गहू, दूध, दही, अंडी, काजू, मोहरी असे १९ पदार्थ. म्हणजे आमचं निम्मं स्वयंपाकघरच.

आधी कबुली देते. ही तपासणी एलायझा नावाच्या पद्धतीने होते आणि तीच पद्धत मी प्रयोगशाळेत जवळजवळ दर आठवड्याला वापरते. मला कळायला हवं होतं. पण वर्षभर पोट फुगत होतं, जिना चढताना दम लागत होता, नोकरीचा करार संपत आला होता आणि कुणीतरी स्वच्छ, रंगीत उत्तर देत होतं. मी ते घेतलं आणि पाच महिने पोळी सोडली.

त्या अहवालातलं मोजमाप खोटं होतं असं मी म्हणत नाही. प्लेटच्या खळग्यात रंग उमटला, म्हणजे माझ्या रक्तात गव्हाच्या प्रथिनांना चिकटणाऱ्या आयजीजी जातीच्या अँटिबॉडी होत्या. चूक पुढच्या वाक्यात आहे: ‘म्हणून गहू तुम्हाला सोसत नाही.’ आयजीजी एवढंच सांगते की हा पदार्थ शरीराच्या ओळखीचा आहे. ठणठणीत माणसांच्या रक्तातही ती सापडते. उलट, दुधाची खरी ॲलर्जी असलेल्या मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडं थोडं दूध देऊन ते सोसायची सवय लावतात, तेव्हा त्यांच्या रक्तात याच कुळातली आयजीजी-४ वाढत जाते. अहवाल जिला धोक्याची खूण म्हणतो, ती पुष्कळदा नुसती सवयीची खूण असते. माझी लाल यादी म्हणजे बऱ्याच अंशी मी रोज काय जेवते त्याची यादी होती.

हे माझं एकटीचं मत नाही. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये आणि कॅनडातल्या संघटनेने २०१२ मध्ये या तपासण्या निदानासाठी वापरू नयेत असं स्पष्ट सांगितलं. ब्रिटनमध्ये ‘नाइस’ या संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेने मुलांमधली अन्नाची ॲलर्जी ओळखण्यासाठी आयजीजी तपासणी नको असं म्हटलं. केसांच्या तपासणीलाही तिथे तोच नकार आहे.

दुसरा दोष ‘इनटॉलरन्स’ या शब्दाच्या वापरात आहे. दूध न पचणं म्हणजे बहुधा लॅक्टेज या एन्झाइमची कमतरता. त्यात अँटिबॉडीचा संबंधच नाही, मग अँटिबॉडी मोजून ती कशी दिसणार? कांदा-लसणाने पोट फुगतं ते त्यातली फ्रुक्टान नावाची शर्करा मोठ्या आतड्यात आंबते म्हणून. शेंगदाणा खाऊन काही मिनिटांत ओठ सुजणं ही आयजीई अँटिबॉडीची करामत, आणि ती जिवावर बेतू शकते. सीलिअॅक आजारात गहू, जव आणि राय यांतल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करतं. हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं शोधायच्या वाटाही वेगळ्या. अहवालात त्या सगळ्यांना एकच लाल रंग होता.

गहू सोडल्यावर मला थोडं बरं वाटलं, हेही खरं. पण त्याबरोबर कॅन्टीनचं सँडविच आणि शुक्रवारचा पिझ्झाही गेला होता. शिवाय पोटाची दुखणी आपली आपणही कमी-जास्त होतात. दम लागणं मात्र गेलं नाही. शेवटी जीपीकडे गेले. हिमोग्लोबिन आणि लोह दोन्ही बरेच कमी निघाले. डॉक्टर म्हणाल्या, सीलिअॅकची तपासणी करू. मी जरा अभिमानानेच सांगितलं, “मी गहू कधीच सोडलाय.” त्या म्हणाल्या, “मग आत्ता केलेल्या तपासणीवर भरवसा ठेवता येणार नाही.”

सीलिअॅकची रक्ततपासणी शरीराची जी प्रतिक्रिया शोधते, ती पोटात ग्लुटेन जात असतानाच दिसते. ते बंद केलं की अँटिबॉडी ओसरतात, आतडं भरून यायला लागतं आणि आजार असूनही निकाल ‘नाही’ असा येऊ शकतो. म्हणून किमान सहा आठवडे, रोज एकाहून अधिक जेवणांत गहू खा, असं मला सांगण्यात आलं. ते सहा आठवडे फार वाईट गेले. मग रक्ततपासणी, मग एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा. निदान झालं: सीलिअॅक.

मैत्रीण म्हणाली, “म्हणजे अहवाल बरोबरच होता की!” नाही. एकोणीस दगड मारले, त्यातला एक लागला. आणि लागला तोही चुकीच्या अर्थाने. अहवालाने गहू काही महिने सोडून पुन्हा हळूहळू सुरू करायला सांगितलं होतं, मला तो जन्मभर सोडायचा आहे. जव अहवालात हिरवा होता. आणि हिंगाचं तर नावही नव्हतं. दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ हिंगांत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. पोळी सोडून मी पाच महिने रोज आमटीला त्याच हिंगाची फोडणी देत होते. डबीवर ते लिहिलेलं होतं. ते वाचायला मला निदान झाल्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी शिकवलं.

लोक या तपासण्यांकडे का वळतात, हे मला कळतं. जीपीची वेळ मिळत नाही, मिळाली तर दहा मिनिटांची, आणि ‘ताण असेल’ हे उत्तर आपण बायका नेहमीच ऐकतो. अहवाल निदान ऐकून घेतल्यासारखा वाटतो. पण त्या तक्रारीवरचा उपाय चुकीची तपासणी हा नव्हे. पोटाचा त्रास असेल तर काय खाल्लं आणि काय झालं हे दोन-तीन आठवडे लिहा. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि तोवर काहीही सोडू नका. वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा रक्त कमी असेल, तर वहीसाठीही थांबू नका. मुलांचं दूध किंवा गहू रंगीत कागद पाहून तर कधीच बंद करू नका. वाढत्या वयात त्याची किंमत मोठी असते.

सीलिअॅक असलेल्याच्या आईवडील, भावंडं आणि मुलांमध्ये तो असण्याची शक्यता साधारण दहात एक धरतात. म्हणून मी नाशिकला आईला फोन केला. तिला गेली तीस वर्षं ‘अशक्तपणा’ आहे आणि लोहाच्या गोळ्या चालूच असतात. सगळं ऐकून ती म्हणाली, “अगं, मग मी उद्यापासून ज्वारीची भाकरीच खाते.”

“नको आई,” मी म्हटलं. “आधी तपासणी. तोवर पोळी सोडू नकोस.”