झाडीपट्टी रंगभूमीवरील नट-दिग्दर्शक

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील झाडीपट्टी रंगभूमीवर दिवाळीनंतरच्या हंगामात गावोगावी रात्रभर नाटके चालतात. येथे अनेकदा प्रमुख नटच दिग्दर्शकही असतो. प्रेक्षकांचा प्रतिसाद तो रंगमंचावरच अनुभवतो व पुढील प्रयोग त्यानुसार घडवितो. हे या रंगभूमीचे सामर्थ्य होय. तथापि तिची मर्यादाही यातूनच निर्माण होते. हमखास टाळी घेणारा प्रवेश लांबत जातो, संहितेचा तोल ढळतो आणि प्रयोगाकडे बाहेरून पाहणारी नजर उरत नाही. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये मिळालेल्या पद्मश्रीने येथील अभिनयाचा यथोचित गौरव झाला. दिग्दर्शनाचे मूल्यमापनही तितक्याच गांभीर्याने व्हावयास हवे. केवळ लोकप्रियता हा त्याचा निकष ठरू शकत नाही.