‘अहो’ कुठल्या रकान्यात टाकायचं?

संबोधनांवर काम करायचं ठरवलं की एक लेख टाळता येत नाही. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांचा, १९६० सालचा. युरोपीय भाषांमधल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’च्या जोडीवर तो उभा आहे. दोघंही एकमेकांना ‘तू’ म्हणत असतील तर जवळीक, दोघंही ‘तुम्ही’ म्हणत असतील तर अंतर. आणि एक ‘तू’ म्हणतो पण त्याला उलट ‘तुम्ही’च म्हणावं लागतं, तिथे सत्ता. लेख जरूर वाचा. पण मराठी नवरा-बायकोवर तो जसाच्या तसा बसवला की काय गडबड होते, ते आज बघू.

नवऱ्याच्या लाडाच्या नावांवरचं नेहमीचं सिनॉप्सिस कसं असतं? आजीच्या पिढीत ‘अहो’, आईच्या पिढीत ‘अहो’ किंवा नाव, आपल्या पिढीत ‘अरे’, ‘बाबू’, ‘शोना’ (हा तर बंगालीतून आलेला पाहुणा). म्हणजे सत्ता कमी झाली, प्रेम वाढलं. आलेख छान दिसतो. माझा आक्षेप असा की लाडाचं नाव म्हणजे वेगळा, गोड शब्दच असणार, हे आपण न तपासताच धरून चाललोय.

पुस्तकं उघडून बघा. रमाबाई रानडे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) मध्ये न्यायमूर्तींचा उल्लेख ‘स्वतः’ असा करतात. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त (१९३४ पासून भागाभागांनी आलेलं) नवरा सरळ ‘टिळक’ आहे. सुनीताबाई देशपांड्यांच्या ‘आहे मनोहर तरी’त (१९९०) पु. ल. ‘भाई’ आहेत. आता हे तिन्ही शब्द ब्राउन-गिलमनच्या कोष्टकात टाकायचा प्रयत्न करा. पहिलं आत्मवाचक सर्वनाम, दुसरं आडनाव, तिसऱ्याचा मूळ अर्थ चक्क भाऊ! अण्णा, दादा, नाना, भाई ही घरादाराने दिलेली नावं. बायको त्यात नंतर सामील होते. जोडप्याने आपल्यापुरतं नाव पाडायचं, ही कल्पनाच एकत्र कुटुंबात अवघड होती.

‘टिळक’ या शब्दाजवळ थोडं थांबायला हवं. आडनाव म्हणजे औपचारिक, असं आपण लगेच कोडिंग करून मोकळे होऊ. पण नवऱ्याच्या विक्षिप्तपणाचे किस्से सांगताना लक्ष्मीबाईंच्या हातात तो शब्द कधी तक्रारीचा होतो, कधी जवळजवळ लाडाचा. माया शब्दात नसून वाक्याच्या सुरात आहे. तुमची एक्सेल शीट सूर पकडत नाही.

मात्र इथे एक सावधगिरी. ही पुस्तकं हाक नोंदवत नाहीत, उल्लेख नोंदवतात, तेही छापील, चारचौघांसमोरचा. हाक आणि उल्लेख एकाच रकान्यात टाकलेले प्रबंध मी वाचलेत. त्यांचे निष्कर्ष तिथेच कोसळतात. जुन्या मराठीत ‘इकडून सांगणं झालं’ असं म्हणत. नवरा म्हणजे एक दिशा! क्रियापदसुद्धा असं फिरवलेलं की कर्ता दिसूच नये. हा उल्लेख आहे. या शब्दाने कुणी कुणाला बोलावलं नाही.

दुसरा रकाना तर बहुतेक जण विसरतातच. नवऱ्याला काय म्हणतात एवढंच विचारलं, तर निम्मी गोष्ट हातातून जाते. रमाबाई माहेरच्या यमुना कुर्लेकर, लक्ष्मीबाई माहेरच्या मनकर्णिका गोखले. जिने नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं ते उखाण्यात, तिचं स्वतःचं नाव मात्र लग्नात बदललं जायचं. उलट इरावती कर्वे, ज्यांच्या १९५३ च्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात भारतभरच्या नात्यांच्या संज्ञा गोळा केलेल्या आहेत, त्या घरी नवऱ्याला ‘दिनू’ म्हणत. म्हणजे ‘आजीची पिढी’ असा गठ्ठा करून चालत नाही.

आता आजचं ‘अहो’. एरवी ‘अरे, दूध आणलंस का?’ म्हणणारी मुलगी लग्नाच्या फोटोखाली ‘माझे अहो’ लिहिते आणि पुढे बदाम टाकते. व्याकरण बघा: मुळात नुसती हाक असलेला शब्द नाम झाला, त्याला विभक्तीही लागली. ‘अहोंना आवडतं’, ‘अहोंनी आणलं’. ब्राउन-गिलमनच्या हिशोबात आदरार्थी रूप एकतर्फी आलं की सत्ता. इथे तेच रूप लाडाचं झालंय. पण म्हणून ‘अहो’ पूर्वीही लाडाचंच होतं, असा उलटा निष्कर्षही काढू नका. या मुलीला ते गोड वाटतं, कारण तिच्याकडे ‘अरे’ आहे. रमाबाईंकडे नव्हतं. तेव्हा प्रश्नावलीत ‘काय म्हणता?’ याच्याखाली ‘दुसरं काही म्हटलं तर घरात काय होईल?’ हा प्रश्न घाला. माझ्या मते सत्ता तिथे मोजली जाते.

वसई-विरारमध्ये फील्डवर्क करणार असाल तर आणखी एक गोष्ट. महापालिका २००९ पासून एक आहे, म्हणून नमुना एक होत नाही. इथे कादोडी बोलणारे सामवेदी ख्रिस्ती आहेत, वाडवळी बोलणारी घरं आहेत, आगरी आहेत, गिरगाव-परळच्या चाळींतून नालासोपारा-विरारला आलेली कुटुंबं आहेत. प्रमाण मराठीतलं ‘अहो-अरे’ विचारलं की लोक प्रमाण मराठीतलंच उत्तर देतात, पाहुण्यांसाठी ठेवलेलं. त्यांच्या घरच्या बोलीत विचारा, किंवा ती बोली येणाऱ्याला सोबत न्या.

शिवाय सासू खोलीत आहे की नाही, ही नोंद करा. तीच बाई सासूसमोर ‘हे आलेत’, ऑफिसात ‘माझे मिस्टर’, मैत्रिणीला ‘आला बाई एकदाचा’ म्हणते. विरार लोकलच्या लेडीज डब्यात हे तिन्ही अर्ध्या तासात ऐकू येतं. वहीत लिहून घ्यायचा मोह होईल, पण परवानगीशिवाय ऐकलेलं संभाषण डेटा म्हणून वापरता येत नाही. त्याच बाईला वेगळं भेटून, संमती घेऊन विचारा. आणि फोनमध्ये नवऱ्याचा नंबर कुठल्या नावाने सेव्ह आहे, तेही.