पट्टीवरील नृत्य आणि त्याचे भाष्य

युरोपीय प्रबोधनकाळात पट्टीवाद्यांसाठी रचलेले नृत्यसंगीत म्हणजे नाचणाऱ्यांसाठी केलेली साथ, असे समजण्याचा मोह सहज होतो. प्रत्यक्ष रचना पाहता ही समजूत टिकत नाही.

पिएर आतेन्याँ याने 1531 च्या सुमारास पॅरिस येथे छापलेल्या संग्रहात 14 गालियार्द, 9 पवान, 7 ब्राँल आणि 2 बास-दाँस आहेत. मूळ रचना ऑर्गन, स्पिनेट इत्यादी वाद्यांसाठी उतरवून घेतल्याचे त्याचे शीर्षकच सांगते. डावा हात स्वरसंघातांनी पावलाचा ठेका धरतो. उजवा हात चालीतील दीर्घ स्वर बारीक स्वरांत मोडतो. पवान संथ व द्विमात्रिक, तर गालियार्द उसळता व त्रिमात्रिक. या काळात पवानचीच चाल तिनाच्या गतीत बसवून गालियार्द सिद्ध केल्याचीही उदाहरणे आढळतात. एकाच धातूला निराळा प्रत्यय लागावा, तसा हा प्रकार होय. मात्र आतेन्याँच्या संग्रहातील अलंकरण पुष्कळदा साचेबंद आहे. त्याच त्या स्वरपंक्ती रिकाम्या जागा भरतात.

अंध स्पॅनिश वादक आंतोनियो दे काबेसोन (1510–1566) याची गोष्ट वेगळी. 1557 च्या वेनेगास-संग्रहात त्याची ‘पवाना आणि तिची ग्लोसा’ आहे. 1578 मध्ये त्याच्या पुत्राने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नृत्यचालींवरील ‘दिफेरेन्सियास’, म्हणजे ‘भेद’, आहेत. ग्लोसा हा शब्द मुळात ग्रंथातील दुर्बोध शब्दावरील टीपेचा. येथे चाल हा मूलपाठ आणि वादन हे भाष्य. काबेसोनची अलंकृती एका हातापुरती राहत नाही. ती निरनिराळ्या स्वरपंक्तींत फिरते, म्हणून ते भाष्य अर्थपूर्ण वाटते. इंग्लंडात विल्यम बर्डने पवानच्या तीन खंडांपैकी प्रत्येकापाठोपाठ त्याची अलंकृत आवृत्ती ठेवली. सूत्र आणि लगोलग वृत्ती, अशीच ही मांडणी आहे.

परंतु स्वरलेखन पाऊल सांगत नाही. ते जाणून घेण्यास आर्बोच्या 1589 च्या नृत्यग्रंथासारख्या साधनांकडे वळावे लागते. तो ग्रंथ नसता, तर भाष्य हाती उरून मूलपाठ बराचसा हरपला असता.

आपल्या गोंदिया परिसरात दिवाळीनंतर मंडई भरते आणि दंडार उभी राहते. झाडीबोलीचे अभ्यासक म्हणून आपण तेथे जातो तेव्हा गीतांचे शब्द टिपतो, ध्वनिविशेष व प्रत्यय नोंदवितो. पण चाल, ठेका, पाऊल आणि साथीला पेटी असेल तर दोन ओळींमधली तिची भरणी वहीबाहेर राहते. मग एखादा स्वर लांबला तो बोलीच्या स्वभावामुळे की पावलाच्या गरजेमुळे, हे पुढे कसे ठरविणार? ज्या नोंदीतून हा भेद करता येत नाही, ती भाषाशास्त्राच्या दृष्टीनेही अपुरीच म्हटली पाहिजे. दंडारीला अद्याप आर्बोची वाट पाहावी लागत नाही. नाचणारे आपल्यासमोर आहेत. ते आहेत तोवर शब्दाबरोबर पाऊलही लिहून घेणे हे आपले काम आहे.